छातीवर बसणारा वेताळ आणि तिसरी पाळी

माझा एक मावसभाऊ चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कामाला आहे. जवळच्याच महाळुंग्यात कॉट बेसिसवर राहतो. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, चार कॉट आणि सहा माणसं. पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे भागून जातं. एक उठून कामाला गेला की दुसरा येऊन त्याच गादीवर आडवा होतो, आणि चादर कधीकधी अजून कोमट असते.

गेल्या उन्हाळ्यात तिसरी पाळी करून तो सकाळी आठला खोलीवर आला, पोहे खाल्ले आणि झोपला. बाराच्या सुमारास डोळे उघडले. वरचा पत्रा दिसत होता, खिळ्याच्या भोकातून आलेला कवडसा भिंतीवर दिसत होता. बाहेर मोरीवर कुणीतरी भांडी घासत होतं, तेही ऐकू येत होतं. पण हात हलेना, पाय हलेना. ओरडायला गेला तर घशातून आवाज फुटेना. दाराशी कुणीतरी उभं आहे असं वाटलं. मग ते कॉटजवळ आलं, छातीवर चढून बसलं आणि दाबायला लागलं. श्वास कोंडला. हे किती वेळ चाललं, त्याला सांगता येत नाही. रूममेटने “अरे ऊठ, डबा आलाय” म्हणत खांद्याला हात लावला आणि एका क्षणात सगळं सुटलं. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

त्याने घरी फोन केला. मावशीने त्याच आठवड्यात गावाकडच्या माणसाबरोबर अंगारा पाठवला. शेजारच्या खोलीतला एकजण म्हणाला, ही जागाच बरी नाही, कंपन्या यायच्या आधी इथे माळ होता. खोलीतला बिहारचा मुलगा मात्र एवढंच म्हणाला, “मलाही झालंय. नाईट चालू असली की होतं.”

मला त्या मुलाचं वाक्य महत्त्वाचं वाटलं. जागा वाईट असती तर तिथे राहणाऱ्या सगळ्यांना त्रास झाला असता. इथे त्रास पाळीबरोबर येत होता आणि पाळीबरोबर जात होता.

एकच पाहुणा, नावं अनेक

आपल्याकडे या अनुभवाला ठरलेलं एक नाव नाही. ‘छातीवर भूत बसलं’, ‘रात्री दाबतं’ असं लोक म्हणतात, आणि ते कोण होतं हे गावागावाप्रमाणे बदलतं: कुठे मुंजा, कुठे हडळ, कुठे खवीस. जपानमध्ये याला ‘कानाशिबारी’ म्हणतात, म्हणजे धातूने जखडून टाकणं. चीनमध्ये ‘भुताने पलंगावर दाबणं’ म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर बसते ती म्हातारी चेटकीण. इंग्रजीतला ‘नाइटमेअर’ हा शब्दही इथूनच आला. त्यातली ‘मेअर’ म्हणजे घोडी नव्हे, झोपलेल्याच्या छातीवर बसणारं जुनं पिशाच्च.

आणि युरोपातला व्हँपायर, तो रक्तपिपासू शापित मुडदा? त्याचाही उगम पाहण्यासारखा आहे. १७२५ साली सर्बियातल्या किसिल्येवो गावात पेटार ब्लागोयेविच नावाचा शेतकरी मेला. त्यानंतर दहा आठवड्यांच्या आत, अवघ्या आठ दिवसांत गावात नऊ माणसं दगावली. मरण्याआधी त्यांनी सांगितलं, की पेटार झोपेत येतो, अंगावर पडतो आणि गळा दाबतो. गावकऱ्यांनी ऑस्ट्रियन अधिकाऱ्यासमक्ष थडगं उकरलं. प्रेताच्या तोंडात ताजं दिसणारं रक्त होतं, नखं वाढल्यासारखी दिसत होती. त्यांनी छातीत खुंटा ठोकला. हा अहवाल व्हिएन्नाच्या वर्तमानपत्रात छापून आला आणि व्हँपायर हा शब्द युरोपभर पसरायला सुरुवात झाली.

प्रेताचं कोडं सोपं आहे. कुजताना पोटात वायू साठतो आणि तो रक्तमिश्रित पाणी तोंडावाटे बाहेर ढकलतो. बोटांची कातडी आकसते, म्हणून नखं लांब झाल्यासारखी वाटतात. थंड जमिनीत प्रेत सावकाश कुजतं. ऑस्ट्रियाच्या राणी मारिया तेरेझाने पुढे आपला वैद्य खेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून चौकशी करवली आणि १७५५ मध्ये अशी थडगी उकरायला बंदी घातली. पण कहाणीचा पहिला अर्धा भाग, ‘झोपेत येतो, अंगावर पडतो, गळा दाबतो’, त्याचं काय? महाळुंग्याच्या खोलीत भर दुपारी घडलं ते नेमकं हेच होतं.

थोडं वेताळाविषयीही सांगायला हवं, कारण त्याच्यावर अन्याय झाला आहे. १८७० मध्ये रिचर्ड बर्टनने वेताळपंचविशीच्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला ‘व्हँपायर’ करून टाकलं. आपला वेताळ प्रेतात शिरतो, झाडाला उलटा लटकतो, हे खरं. पण तो कुणाचं रक्त पीत बसत नाही, तो कोडी घालतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात ही गोष्ट घडते ती गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणच्या राजाच्या बाबतीत. आणि कोकणात तर तो राखणदार आहे. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या वेतोबाला लोक भल्यामोठ्या चपला वाहतात. देव रात्रभर गावाच्या शिवेवरून फिरतो, त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. सगळं गाव झोपलेलं असताना एकटा जागा राहून काम करणारा, असा हा देव आहे. रात्रपाळीच्या माणसाला त्याची भीती वाटावी असं खरं तर काही नाही.

मेंदूच्याही तीन पाळ्या

आता यंत्राकडे वळू. कारखाना जसा तीन पाळ्यांत चालतो तसाच मेंदूही चालतो. पहिली पाळी जागेपणाची. दुसरी गाढ झोपेची. तिच्यात श्वास संथ होतो, नाडी मंदावते, शरीराची डागडुजी चालते. तिसरी पाळी सगळ्यात विचित्र आहे. तिचा शोध १९५३ मध्ये शिकागो विद्यापीठात युजीन असरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी लावला. झोपलेल्या माणसाची बुबुळं मिटल्या पापण्यांखाली मधूनच भराभर फिरू लागतात, आणि त्या वेळी उठवलं तर तो बहुधा म्हणतो, मी स्वप्न पाहत होतो. हिला आपण स्वप्नझोप म्हणू. साधारण दर दीड तासाने ती येते. पहिल्या फेरीत ती थोडा वेळ टिकते, पहाटेकडे लांबत जाते.

स्वप्नझोपेत मेंदू जवळजवळ जागेपणाइतकाच कामात असतो. तुम्ही स्वप्नात पळता तेव्हा मेंदू ‘पळा’ असा हुकूम खरोखर काढतो. मग पाय का पळत नाहीत? कारण मेंदूच्या बुडाशी असलेला एक भाग, मेंदूचा देठ म्हणू त्याला, मज्जारज्जूमार्गे स्नायूंच्या चेतापेशींना रासायनिक निरोप पाठवतो: गप्प राहा. वरून येणारा हुकूम तिथेच अडतो. चाकणच्या माणसाला हे समजवायला फार लागत नाही. इंजिन जोरात फिरतंय, पण क्लच पूर्ण दाबलेला आहे, म्हणून चाकं हलत नाहीत.

हा क्लच खरोखर आहे हे फ्रान्समधल्या ल्योंच्या मिशेल झुव्हे यांनी मांजरांवर दाखवलं. मेंदूच्या देठातली ती छोटीशी जागा निकामी केली, तर स्वप्नझोपेतलं मांजर उठून उभं राहायचं, दबा धरायचं, न दिसणाऱ्या उंदरावर झडप घालायचं. मांजर झोपेतच होतं, फक्त त्याचा क्लच सुटलेला होता. म्हणजे हा लुळेपणा शरीराने स्वतःच्या रक्षणासाठी ठेवलेला आहे. तो नसता तर आपण रोज रात्री स्वप्नांपायी भिंतीवर आदळलो असतो.

या लुळेपणातून मुख्यतः दोन प्रकारचे स्नायू वगळलेले असतात, आणि पुढच्या गोष्टीत त्यांना फार महत्त्व आहे. एक डोळ्यांचे स्नायू, दुसरं श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला तो घुमटासारखा पडदा. श्वास चालू राहायलाच हवा, म्हणून त्याला सूट.

हँडओव्हर चुकतो तेव्हा

मोठ्या मशीनवर दुरुस्ती चालू असताना मेंटेनन्सवाला पॅनेलला कुलूप लावतो, म्हणजे चुकून कुणी बटण दाबलं तरी मशीन सुरू होत नाही. काम संपलं की त्याने कुलूप काढायचं आणि पुढच्या पाळीच्या ऑपरेटरने बटण दाबायचं. आता समजा, पाळी बदलली, ऑपरेटर जागेवर आला, दिवे लागले, पण कुलूप अजून निघालेलं नाही. ऑपरेटर बटण दाबतोय, मशीन ढिम्म.

माझ्या भावाच्या डोक्यात बारा वाजता नेमकं हेच झालं. स्वप्नझोपेची पाळी संपण्याआधीच जागेपणाची पाळी कामावर हजर झाली. डोळे उघडले, कारण डोळ्यांना कुलूप नव्हतंच. कान ऐकत होते. पण हातापायांचं कुलूप निघायला काही सेकंद, फार तर काही मिनिटं उशीर झाला. याला वैद्यकात निद्रा-पक्षाघात म्हणतात. शब्द ऐकून घाबरायला होतं, पण ज्याला आपण पक्षाघात म्हणतो त्याच्याशी याचा संबंध नाही. कुठली नस तुटलेली नसते, मेंदूत गुठळी नसते. कुलूप निघतं आणि माणूस जसाच्या तसा उठतो.

छातीवरच्या ओझ्याचं उत्तरही इथेच आहे. बरगड्यांमधले स्नायू कुलपात असतात आणि एकटं श्वासपटल आपल्या लयीत उथळ श्वास घेत असतं. झोपलेल्या माणसाला तेवढा प्राणवायू पुरतो. पण आता मालक जागा झालाय, घाबरलाय, त्याला मोठा श्वास घ्यायचाय. तो हुकूम देतो आणि बरगड्या हलतच नाहीत. छाती फुगवायची आहे आणि फुगत नाही, याचा अर्थ मेंदू एकच लावू शकतो: छातीवर काहीतरी वजन आहे. घशाचे स्नायूही सैल पडलेले असतात, म्हणून आवाज फुटत नाही. माणूस उताणा झोपलेला असेल तर जीभ आणि घसा मागे पडून वाट आणखी अरुंद होते. हा अनुभव उताणं झोपल्यावर जास्त येतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे.

मग दाराशी उभं कोण होतं?

मेंदूत खोलवर, कानशिलाच्या मागे आत, बदामाच्या आकाराची एक गाठ असते, अमिग्डला. तिचं काम राखणदारीचं. धोक्याची शंका आली की ती आधी घंटा वाजवते, चौकशी मागाहून. स्वप्नझोपेत ही गाठ फार कामात असते. आता तुम्ही जागे आहात, हलू शकत नाही, श्वास अडलाय असं वाटतंय, आणि राखणदार जोरजोराने घंटा वाजवतोय. घंटा वाजतेय म्हणजे खोलीत कुणीतरी असणारच. मेंदू त्या ‘कुणीतरी’चा शोध घेतो आणि स्वप्नाचा अर्धा पडदा अजून उघडाच असल्याने त्याला उभंही करतो. वाऱ्याने हललेल्या शर्टाला खांदे येतात, पंख्याच्या घरघरीतून कुजबुज ऐकू येते.

कुणीतरी जवळ आहे ही जाणीव मेंदू स्वतः घडवू शकतो, याचा एक विलक्षण पुरावा २००६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मिळाला. अपस्माराच्या एका रुग्ण स्त्रीची तपासणी चालू असताना डॉक्टरांनी तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर नि जरा मागे असलेल्या भागाला सौम्य वीज दिली. तिला लगेच आपल्या मागे एक सावली असल्याचं जाणवलं. ती बसली की सावली बसायची. वीज बंद केली की सावली नाहीशी. हा भाग स्वतःच्या शरीराचा नकाशा ठेवण्याचं काम करतो. नकाशा विस्कटला की आपलंच शरीर दुसऱ्या कुणाचं म्हणून जाणवतं.

सांगाडा सगळीकडे सारखा असतो: कुणीतरी आहे, ते जवळ येतं, दाबतं. त्यावरचे कपडे ज्याच्या त्याच्या गावचे. सर्बियातल्या शेतकऱ्याला नुकताच मेलेला शेजारी दिसला. बालपणी पिंपळावरच्या मुंजाच्या गोष्टी ऐकलेल्याला मुंजा दिसतो.

हा प्रकार विरळाही नाही. २०११ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा साधारण शंभरातल्या आठ माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव आल्याचं दिसलं. विद्यार्थ्यांमध्ये हेच प्रमाण शंभरात अठ्ठावीस होतं. जागरणं, अवेळी झोप आणि काळजी ज्यांच्या वाट्याला जास्त, त्यांच्याकडे हा पाहुणा जास्त येतो.

तिसऱ्या पाळीवर हा का येतो

झोप दोन गोष्टी मिळून ठरवतात. एक म्हणजे झोपेचा भार. जागे राहू तसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. मोरीत खरकटी भांडी साठावीत तसा. भांडी जितकी जास्त, तितकी झोप अनावर. झोपलं की भांडी घासली जातात. चहातलं कॅफिन भांडी घासत नाही, फक्त त्यांच्यावर फडकं टाकतं. दुसरी गोष्ट म्हणजे शरीराचं घड्याळ. मेंदूच्या मध्यभागी, दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, तांदळाच्या दाण्याहून लहान असा पेशींचा पुंजका आहे. तो दिवसरात्रीचा हिशेब ठेवतो. हे घड्याळ पेशीच्या आत कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

रात्री अकराला झोपणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात. तिसऱ्या पाळीवाल्याचं तसं नाही. सकाळी नऊला त्याच्याकडे भांड्यांचा ढीग आहे, म्हणून पडल्या पडल्या झोप लागते. पण घड्याळ ‘दिवस उजाडला’ असं ओरडत असतं. दोन-तीन तासांत ढीग अर्धा होतो आणि घड्याळाचा आवाज वरचढ ठरतो. त्यात एप्रिलचा पत्रा, बाहेर कंटेनरचे हॉर्न, शेजारचा कुकर. माणूस पुन्हा पुन्हा अर्धवट जागा होतो.

आणि आता खरी मेख. स्वप्नझोपेची ओढ झोपेच्या भारापेक्षा घड्याळावर जास्त अवलंबून असते. शरीराचं तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सगळ्यात खाली जातं, आणि स्वप्नझोपेचा हंगाम त्याच्या आगेमागे नि नंतर सकाळपर्यंत असतो. त्या वेळी आपला माणूस लाइनवर उभा होता. त्याची स्वप्नझोप थकली, उधारी राहिली. सकाळी तो पडला की ती उधारी वसुलीला येते, लवकर येते आणि जोरात येते. म्हणजे एकीकडे स्वप्नझोप दाटलेली, दुसरीकडे दर थोड्या वेळाने जाग. पाळ्यांचा हँडओव्हर चुकायला याहून सोयीची वेळ नाही. १९९२ मध्ये जपानी संशोधकांनी प्रयोगशाळेत मुद्दाम हेच केलं. झोपलेल्यांना मध्येच उठवलं, काही वेळ जागं ठेवलं आणि पुन्हा झोपू दिलं. काहीजण जागेपणातून थेट स्वप्नझोपेत शिरले आणि त्यातल्या काहींना कानाशिबारीने गाठलं. भूत प्रयोगशाळेत बोलावता आलं.

रात्री जागणाऱ्यांची ही गर्दी आपल्याकडे कारखान्यांबरोबर आली. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, आणि मग भोसरी, आकुर्डीपासून चाकण, खालुंब्रे, निघोज्यापर्यंत गावांच्या रात्री उजळत गेल्या. जुन्या गावात रात्री जागा असायचा तो पहारेकरी. पहारा हा शब्दच प्रहरातून आला. पहारेकरी फार तर दोन-चार. आता रात्री साडेअकराला तळेगाव-चाकण रस्त्यावर कंपन्यांच्या बसच्या रांगा लागतात. दिवसा निजायचं आणि रात्री उठायचं, हा शाप गोष्टीतल्या पिशाच्चाला मिळाला होता. इथे तो पगारासाठी घेतलेला आहे, आणि बहुतेकांच्या बाबतीत गावाकडच्या कुणाच्या तरी शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी.

उन्हाला घाबरावं

ऊन लागलं की व्हँपायर जळून जातो, हे सिनेमाचं देणं आहे, १९२२ च्या ‘नोस्फेरातू’ या मूकपटाचं. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये फिरतो. पण उन्हाची ती भीती तिसऱ्या पाळीवाल्याने मात्र खरी मानावी.

कारण घड्याळाला किल्ली देतो तो उजेड. डोळ्यांत पाहण्याच्या कामाच्या पेशी वेगळ्या आणि केवळ ‘उजेड आहे की नाही’ एवढंच घड्याळाला कळवणाऱ्या पेशी वेगळ्या. सकाळी सातच्या उन्हात बसच्या खिडकीशी बसून अर्धा तास प्रवास केला, की त्या पेशी घड्याळाला कळवतात: दिवस सुरू. झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन दबतं.

घड्याळ उजेडाशिवाय दुसऱ्या खुणांवरही चालू शकतं, हे दाखवलं ते वटवाघळांनी. मदुराईचे संशोधक एम. के. चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या कीटक खाणाऱ्या वटवाघळांवर प्रयोग केले. गुहेच्या काळोखात एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवलं. त्याला उजेड दिसत नव्हता, तरी बाकीची वटवाघळं संध्याकाळी बाहेर पडत आणि पहाटे परतत, त्यांच्या येण्याजाण्यावर ते आपलं घड्याळ लावून घेई. वसाहत नसलेल्या गुहेत एकटं ठेवलं की घड्याळ भरकटू लागे. माणसात उजेडाची सत्ता मोठी आहे, सोबत्यांची कमी. तरी सहा माणसांच्या खोलीत तीन वेगळ्या वेळांना दिवे लागतात, भांडी वाजतात, मोबाइल चालतात, तेव्हा कुठल्या घड्याळाशी जुळवून घ्यायचं हे झोपलेल्याला कळणं कठीणच.

त्यात गुरुवार येतो. आपल्या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते. सहा दिवस दिवसा झोपलेला माणूस त्या दिवशी बाजारहाट करतो, रात्री मित्रांबरोबर जेवतो, झोपतो. जरा कुठे उलटलेलं घड्याळ पुन्हा सुलटं होतं आणि शुक्रवारी रात्री पुन्हा साडेअकराची बस.

*चौकट: तिसऱ्या पाळीहून आल्यावर*

*पहाटे चारनंतर चहा-कॉफी टाळा, कारण कॅफिनचा जोर निम्मा व्हायलाच साधारण पाच तास लागतात. बसने येत असाल तर काळा गॉगल लावा. दुचाकी चालवत असाल तर मात्र लावू नका, झोपाळलेल्या डोळ्यांना रस्त्यावर उजेडच हवा. खिडकीला जाड काळा कपडा लावा, खोली जितकी अंधारी तितकी झोप लांब. उताणे झोपू नका, कुशीवर झोपा. दाबलं गेल्यासारखं वाटलं तर छातीशी झुंजू नका, मोठ्या श्वासासाठी धडपडलं की ओझं वाढतं. नेहमीच्या उथळ श्वासाला चालू द्या, डोळे फिरवा, पायाचा अंगठा किंवा एखादं बोट हलवायचा प्रयत्न करा. कुणी हात लावला की बहुधा लगेच सुटतं. आठवड्यातून अनेकदा होत असेल, दिवसा काम करताना अनावर झोप येत असेल, हसताना किंवा रागावताना गुडघे लुळे पडत असतील, घोरताना श्वास थांबत असेल, तर डॉक्टरांकडे जायलाच हवं.*

पाळी कुठल्या बाजूने फिरवायची

वरची सगळी खबरदारी कामगाराच्या हातातली झाली. पण मोठा भाग व्यवस्थापनाच्या हातात आहे, आणि त्याला खर्चही फारसा नाही.

माणसाचं आतलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब आहे, सरासरी चोवीस तास अकरा मिनिटांच्या आसपास. म्हणून उशिरा झोपणं त्याला जमतं, लवकर झोपणं जड जातं. पाळी पहिलीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी पुढे सरकली तर झोप पुढे ढकलावी लागते, आणि घड्याळ त्याला तयार असतं. तिसरीवरून दुसरी, मग पहिली अशी उलटी फिरली तर दर वेळी घड्याळाला मागे ओढावं लागतं.

अमेरिकेत यूटा राज्यात मिठाच्या सरोवराकाठी खनिजं काढणाऱ्या एका कारखान्यात चार्ल्स झाइस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं. तिथे पाळ्या दर आठवड्याला आणि उलट्या फिरत. त्यांनी त्या सुलट्या केल्या आणि आठवड्याऐवजी तीन आठवड्यांनी बदलायला लावल्या. १९८२ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. कामगारांचं समाधान वाढलं, तब्येतीच्या तक्रारी कमी झाल्या, उत्पादनही वाढलं. मशीन तीच होती, माणसंही तीच.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने रात्रपाळीवाल्याची साप्ताहिक सुट्टी पाळी संपल्यापासून सलग चोवीस तास धरली. कागदावर ते बरोबर दिसतं. पण त्यातले पहिले आठ तास झोपेची उधारी फेडण्यात जातात, याचा हिशेब कुठल्याच हजेरीपटावर नसतो. आणि प्रश्न दुपारच्या भुतापुरता नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीचं काम ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात घातलं आहे.

अंगारा आणि गॉगल

ज्याला हा अनुभव आला त्याला ‘काही नाही, भास होता’ म्हणून झटकू नये. त्याने जे अनुभवलं ते त्याच्या शरीरात खरोखर घडलेलं असतं. तो सांगतो त्यातला शब्द न् शब्द खरा असतो, फक्त छातीवर बसलेला कुणी नसतो. अशा माणसाला ऐकून घेणारं कुणी भेटलं नाही, तर तो ऐकून घेणाऱ्या मांत्रिकाकडे जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणं, मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षं चळवळ चालवली, आणि तो अध्यादेशाच्या रूपाने आला तो त्यांचा पुण्यात खून झाल्यावर.

मावशीने पाठवलेला अंगारा माझ्या भावाने टाकला नाही. कागदाची ती पुडी त्याच्या उशाखाली आहे. खिडकीला त्याने काळं प्लास्टिक लावलंय, कंपनीच्या बसमध्ये रस्त्यावरून घेतलेला शंभर रुपयांचा गॉगल घालतो, आणि भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपतो. पाळी अजून आठवड्यालाच बदलते. बिहारच्या मुलाबरोबर त्याचं ठरलंय, दोघांपैकी जो जागा असेल त्याने, झोपलेल्याची बोटं चादरीवर थरथरताना दिसली, तर काही न विचारता त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा.